बिननावाचे मडके

डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात, फार पूर्वी, एक पारखीण राहत होती. त्या राज्यात कोणी नवीन औषध केले, की ते आधी डोंगरांवरच्या पारख्यांपैकी एकाकडे जाई. औषध बिननावाच्या मडक्यातून येई, म्हणजे ओळखीच्याचे म्हणून पसंत आणि नावडत्याचे म्हणून नापसंत व्हायला नको. पारख्याने ते चाखावे, तपासावे आणि मडक्यातले गुपित पोटात ठेवावे. कोणाच्या भिडेला पडू नये म्हणून त्याला गावात राहायचीही मुभा नव्हती. स्वतःचे एखादे औषध पसंत झाले, तरच खाली घर मिळे.

पारखीण अगदी एकटी होती. खालच्या घरांत दिवे लागले, की ओट्यावर बसून आज कोणाकडे पाहुणे आले असतील याचा ती अंदाज बांधी. बोलायला मडकी आणणारा गाढववाला तेवढा होता, आणि तोही नेहमी घाईत असे.

कित्येक वर्षे ती मुलांच्या डांग्या खोकल्यावर काढा करत होती. अडुळसा, ज्येष्ठमध आणि बेहडा. खोकला थांबे, पण पहाटे पुन्हा उसळे. तेवढे जमले की ती खाली जाणार होती. देवळासमोरची एक रिकामी जागा तिने मनात धरूनही ठेवली होती.

एके दिवशी नव्या मडक्यातला काढा तिने जिभेवर ठेवला आणि पुन्हा एकदा चाखून पाहिला. तिचाच काढा होता तो. फक्त यात बेहडा भाजून घातला होता. ती आजवर कच्चाच घालत आली होती.

गाढववाल्याने तिचा चेहरा पाहिला. तो हसून म्हणाला, "तुमच्या चुलीवरचंच निघालं वाटतं, बाई. मग कडू आहे म्हणून परत पाठवा. तोवर तुमचं तयार करा. वर बघायला कोण येतंय?"

"आणि तोवर खोकणाऱ्या पोरांना काय सांगू?"

तिने मडक्याचे तोंड पुन्हा बांधले. "दादा, हे पलीकडच्या डोंगरावरच्या पारख्याकडे न्या. म्हणावं, मी स्वतः हेच औषध करतेय, तेव्हा याची पारख मी करणं बरोबर नाही. आणि आजच न्या."

मग तिने चुलीवरचे आपले भांडे उतरवले आणि अंगणात ओतून दिले.

"अहो, ते तर तुमचं होतं," गाढववाला कळवळून म्हणाला.

"सकाळपर्यंत होतं. आता त्यात काय कमी आहे, ते मला दुसऱ्याच्या मडक्यातून कळलंय."

पलीकडच्या पारख्याने तो काढा नीट तपासून पसंत केला. मुलांचा खोकला गेला. काढा करणाऱ्या तरुण वैद्याला देवळासमोरच घर मिळाले. त्या दिवशीचे ढोल पारखिणीला वर ऐकू आले. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग तिने दार लावून घेतले.

गाढववाल्याच्या तोंडात मात्र तीळ भिजत नव्हता. मडक्यातल्या काढ्यात नेमके काय घातले होते ते त्यालाही ठाऊक नव्हते, पण अंगणात काय ओतले गेले ते त्याने घरोघरी सांगितले. त्या राज्यात अनेकांनी आपली औषधे चोरीच्या भीतीने लपवून ठेवली होती. एका म्हाताऱ्या सुईणीने भाजलेल्या जखमेवरचा लेप आपल्या सुनेलाही सांगितला नव्हता. तिने तो पहिल्यांदा मडक्यात भरला. मग आणखी कोणी आपले औषध भरले, मग आणखी कोणी.

पारखिणीच्या ओट्यावर मडक्यांची रांग लागली. माणूस मात्र एकही आले नाही. गाढववाला उतरून गेला, की ती एकेक मडके उघडी आणि ते भरणाऱ्याशी मनातल्या मनात बोले. हा उतावळा दिसतो, हिचा हात हलका आहे. ते कोण असतील, हे तिने कधीच विचारले नाही.

तात्पर्य एवढेच: दुसऱ्याचे काम विश्वासाने आपल्या हाती आले, तर त्यातले काही आपले करू नये. आपला हात तिथे स्वच्छ राहणार नसेल, तर तसे सांगून बाजूला व्हावे, मग ते पाहायला कोणी असो वा नसो.