शिदबा मापाड्याचा झोका

एका गावात एक भोळा मापाडी होता, शिदबा. अडतीवर कांद्याची पोती तोलायचा. सांगाल तेवढंच करायचा, आणि तेही भलत्याच ठिकाणी.

वर अंतराळघरात माणसांची वजनं करायला कुणी हवं होतं. शहाण्यांनी यालाच धाडला! सासऱ्यानं बजावलं, "जावईबापू, एक तरी वजन नीट करा. हाकललेले परत आलात, तर आमचं दार बंद."

वर पोचताच शिदबानं तिथल्या ढेरपोट्या रंगरावअण्णांना ताणकाट्याला टांगलं. काटा शून्यावर! शिदबानं गळाच काढला, "अण्णा, तुम्ही संपलात हो!"

"गप रे!" कप्तान शेवंताबाई खेकसल्या. "इथं सगळंच तरंगतं, काटा काय सांगणार? ही स्प्रिंगची खुर्ची. माणूस बसवायचा, ओढायचं, सोडायचं. हलका भरभर झुलतो, जड सावकाश. झोक्यावरून वजन कळतं."

शिदबानं अण्णांना बसवलं, ओढलं, सोडलं. अण्णा उडाले छताला. रिकामी खुर्ची भरभर झुलली.

"अण्णा, तुम्ही तर चिमणीएवढे!"

"अरे टोणग्या, आधी पट्ट्यांनी आवळायचं! अण्णांचं काही म्हणून सैल ठेवू नकोस."

"बरं, बाईसाहेब."

दुपारी अण्णा जेवत होते. शिदबानं त्यांचे हात आवळले, जबडाही आवळला. अण्णांचे डोळे बाहेर आले. बाई धावल्या.

"मेल्या, घास तरी गिळू दे! खाताना माणूस मोकळा सोडावा."

"बरं, बाईसाहेब."

संध्याकाळी खुर्ची ओढली. अण्णा घट्ट बांधलेले. पण तोंडात शेंगदाण्याची चिक्की! शिदबानं चटाचटा पट्ट्या सोडल्या. अण्णा पुन्हा छताला, चिक्की बाईंच्या केसांत.

"बस्स! बांध बोचकं. आत्ताच्या यानानं घरी!"

शिदबाला सासरा आठवला. आता सासऱ्याचं दार बंद! बाई आणि अण्णा त्याची ट्रंक घेऊन यानात शिरले. आतून बाई पुटपुटल्या, "यान किती जड झालंय कोण जाणे."

शिदबाचा चेहरा उजळला. वजन! त्यानं बाहेरून दार घट्ट लावलं. काही सैल ठेवलं नाही. मग यान धरून ठेवणारा दांडा ओढला. आणि सोडला.

यान निघालं.

थोड्या वेळानं खालून विचारणा झाली, "शिदबा, यान कुठंय?"

"झोक्यावर आहे, साहेब," शिदबा खिडकीला नाक लावून म्हणाला. "गेलंय, अजून मागं फिरलं नाही. लई जड दिसतंय!"