हिंमतरावांचं पथ्य

"मग आता माझ्यात कमी काय राहिलं, बाबा?"

हिंमतराव बोरसे मठाच्या ओसरीवर मांडी घालून विचारत होते. तापीकाठचा लहानसा मठ. भवानगीर बाबा चुलीपाशी बसून लाकडं आत सारत होते.

हिंमतराव त्यांचे जुने शिष्य. मधुमेह निघाला तेव्हा घाबरून गेले होते. त्यानंतर हॉटेल सोडलं, लग्नाच्या पंगती सोडल्या, गोड सोडलं. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली. आता गावोगावचे लोक त्यांना संयमावर बोलायला बोलवत. आज ते मागणी घेऊन आले होते. मठात जमणाऱ्या लोकांना बाबांच्या जागी आपण उपदेश करावा, एवढी आज्ञा हवी होती.

त्यांची बायको निर्मला मागे खांबाला टेकून बसली होती. मांडीवर हिंमतरावांच्या जेवणाचा डबा.

"घरचंच खातोस?" बाबांनी विचारलं.

"घरचंच. आणि ताजं. सकाळची भाकरी मला दुपारी चालत नाही. पहाटे मुगाचं कढण, दुपारी पालेभाजी, संध्याकाळी पुन्हा नवा स्वयंपाक. गावाला गेलो तरी नियम मोडत नाही."

"अवघड आहे."

"अवघड तर आहेच. पण मनाचा निग्रह असला की..."

"पहाटे उठून कढण करणं अवघड आहे, म्हणालो मी."

हिंमतराव हसले. "ते तर निर्मला करते."

बाबांनी ज्वारीच्या पिठाची परात त्यांच्यापुढे सरकवली.

"आज इथंच जेवा दोघं. भाकरी कर."

बाबा थट्टा करताहेत, असं हिंमतरावांना वाटलं. त्यांनी मान मागे वळवली. "निर्मला, ऊठ गं."

ती उठली. डबा खाली ठेवायला वाकली... आणि तशीच खांबाला टेकून घसरत खाली बसली. चेहरा घामाने डबडबलेला. हात थरथरत होते.

"अगं! काय झालं?"

बाबा तिच्यापाशी पोचले होते. "सकाळपासून काय खाल्लंस, माय?"

"चहा... बाबा, गुळाचा खडा द्या जरा. गोळी घेऊन उपाशी राहिलं की असं होतं."

"कसली गोळी?" हिंमतरावांनी विचारलं.

बाबांनी आणलेला गूळ तिने तोंडात धरला. डोळे मिटून बसली. हळूहळू हातांचा थरकाप कमी झाला.

"निर्मला, कसली गोळी?"

"साखरेची."

"तुला...? केव्हापासून?"

"तुमच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगणारच होते. तेवढ्यात तुमचा रिपोर्ट आला." तिने पदराने कपाळ पुसलं. "घरात एकाचंच पथ्य निभत होतं. तुम्हाला गरम गरम वाढून होईपर्यंत माझी भूक मरते. मग दुपारचं, कालचं, असेल ते..."

ती तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

हिंमतराव तिच्याकडे बघत राहिले. तिची गालफडं बसली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. रोज समोर बसून वाढणारी ही बाई इतकी वाळली कधी?

"बाबा... बाबा, मी आता काय करू?"

बाबा चुलीकडे परतले. तवा ठेवला.

हिंमतराव उठले. परातीपुढे बसले. शेजारच्या तांब्यातलं गार पाणी पिठात ओतलं आणि मळू लागले. गोळा काही होईना. थापायला घेतलं की कडा फाटत. पुन्हा गोळा केला, पुन्हा फाटला. पिठाने भरलेल्या मनगटाने त्यांनी डोळे पुसले.

"बाबा, मला क्षमा..."

"आधी पाणी गरम कर," बाबा म्हणाले.