मिरचीचा धूर

दोन डोंगर एकमेकांच्या कानाला लागावेत इतके जवळ आलेले आणि त्यांच्या मधल्या फटीतून वारा बारा महिने धावणारा, अशा एका खिंडीत एक गाव वसलेलं होतं. गावाचं नाव खिंडवाडी. पाटील होता बाबजी. माणूस तसा सरळ, बोलायला गोड आणि दुपारच्या झोपेचा भारी शौकीन.

परक्या माणसाला हे गाव बघून हसू यायचं. एका घराचं तोंड डोंगराकडे, दुसऱ्याचं शेताकडे, तिसरं तर शेजाऱ्याशी भांडण झाल्यासारखं पाठ फिरवून बसलेलं. पण या वेड्यावाकड्यात एक शहाणपण होतं. कुणाला नवं घर बांधायचं असलं की गाव आधी धूर बघायचं. जिथे चूल मांडायची त्या जागी भर दुपारी, वारा जोरात असताना, ओलसर गोवऱ्या पेटवायच्या. आसपासची माणसं आपापल्या दारात उभी राहायची. धूर कुणाच्या घरात शिरला नाही की पंच म्हणायचे, बांध. शिरला तर जागा सरकवायची, आणि पुन्हा गोवऱ्या पेटवायच्या. जिथे धूर जातो तिथे ठिणगी जाते, एवढं साधं त्यांचं गणित. छपरं गवताची आणि वारा असा, तरी गावाला कधी आग लागली नव्हती.

हा अधिकार राजाच्या आजोबांनी दिलेला. घर कुठे बांधायचं, कसं बांधायचं, हे ज्या त्या गावानं ठरवावं, दरबारानं त्यात तोंड घालू नये. नदीकाठची गावं पुराची खूण बघायची, रानाकडेची गावं जनावरांची वाट बघायची, आणि खिंडवाडी धूर बघायची. गोवऱ्या आणायचा मान पाटलाचा. पाटलानं आणल्या म्हणजे कुणाला शंका नको.

एके वर्षी गावात अनसा तांबटीण आली. नवरा वारलेला, सोबत म्हातारा सासरा, आणि गाडीत ऐरण, हातोडे, तांब्याचे पत्रे. गावातल्या बायकांना आनंद झाला. हंड्याला भोक पडलं की डोंगर उतरून जावं लागायचं, ते आता वाचणार होतं. अनसा धर्मशाळेत उतरली आणि पंचांना म्हणाली, माझी भट्टी असते, तेव्हा तुमच्या रीतीनं धूर बघा आणि सांगाल तिथे मी राहते. तिनं जागाही हेरून ठेवल्या होत्या. एक पाटलाच्या घराशेजारची, एक वेशीजवळची आणि एक टेकाडाच्या आडोशाची.

बाबजीच्या डोक्यात मात्र त्याच क्षणी ठोकाठोक सुरू झाली. तांबट म्हणजे पहाटेपासून ठण ठण, दुपारीही ठण ठण. झोप गेलीच म्हणायची. पण तेवढ्यासाठी एका विधवेला गावाबाहेर ठेवलं असं कोण कबूल करणार? नाही म्हणायला कारण नव्हतं, म्हणून त्यानं कारण तयार केलं. गोवऱ्यांच्या पोटात मूठ मूठ सुक्या मिरच्या खोचल्या.

पुढे काय झालं ते काही वेगळं सांगायला नको. पहिल्या जागी गोवऱ्या पेटल्या आणि खोकल्याची नुसती साथ आली. म्हातारी माणसं खोकली, पोरं खोकली, ओट्यावरचं कुत्रंसुद्धा शिंकत पळालं. पंचांनी डोळे पुसत मान हलवली. वेशीजवळ तेच. टेकाडाच्या आडोशाला धूर कुणाच्या दारात गेला नव्हता, जवळ कुणाचं दारच नव्हतं, तरी उभे असलेले पंच स्वतःच इतके खोकले की त्यांनी लांबूनच नको नको म्हणून हात हलवले.

अनसा विझत्या गोवरीपाशी वाकली, वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "पाटील, फोडणी मी पण रोज देते. मिरचीचा धूर मला कळतो."

मिरचीचा वास काय तिला एकटीलाच आला होता? सगळ्या गावाला आला होता. पण पाटलाला विचारायचं कुणी? एकानं पागोटं सारखं केलं, दुसऱ्यानं खिंडीकडे बघितलं, आणि बाबजीची बायको सगुणा पदर तोंडाला लावून घराकडे निघाली. संध्याकाळच्या आत अनसाची गाडी राजधानीच्या वाटेला लागली.

दरबारात गेल्यावर तिला कळलं की अशी रडगाणी घेऊन आलेली ती एकटी नाही. एका नदीकाठच्या गावानं पुराची खूण दाखवून एका कुटुंबाला हाकललं होतं, आणि जागा होती टेकडीच्या माथ्यावर. आता टेकडीवर कधी पूर येतो का? राजा तरुण होता, मनानं चांगला होता, पण रागाला लवकर यायचा. आजोबांनी विश्वासानं दिलं आणि यांनी त्याची अशी माती केली, असं म्हणून त्यानं सगळ्या गावांचा अधिकार एकदम काढून घेतला. पापी गावांचा काढला आणि पुण्यवान गावांचाही काढला.

मग राज्याला एकच नियम आला. नवी घरं सरळ एका रांगेत, दारं सगळी पूर्वेला, कारागिरांची घरं रांगेच्या तोंडाशी. जो मागेल त्याला रांगेतली पुढची जागा. नाही म्हणायची सोयच नाही. गावोगाव एकेक अंमलदार बसला. खरं सांगायचं तर नियम वाईट नव्हता. सपाटीच्या मुलखात लोकांनी राजाला दुवा दिला. ज्यांना वर्षानुवर्षं कुणी जागा देत नव्हतं त्यांची छपरं उभी राहिली.

खिंडवाडीतही अनसाला घर मिळालं, रांगेच्या पार पूर्वेच्या टोकाला. तिच्या पाठोपाठ बाबजीच्या धाकट्या मुलाचं नवं घर, आणि मग ओळीनं बाकीची. बाबजीनं उशी कानावर दाबून झोपायची सवय करून घेतली. पण थंडी आली, खिंडीतला वारा पूर्वेकडून सुटला, आणि अनसाच्या लक्षात आलं की आपल्या भट्टीची प्रत्येक ठिणगी शेजारच्या गवताकडे जाते आहे. ती स्वतः अंमलदाराकडे गेली. म्हणाली, मला इथून हलवा. अंमलदार भला माणूस होता, पण तो म्हणाला की माझ्या हातात काही नाही, राजधानीला विचारावं लागेल. त्यानं विचारलं. उत्तर यायला थंडी सरणार होती. तोवर अनसा भट्टीवर ओली गोणपाटं टाकून काम करायची आणि मधेच उठून बाहेर बघून यायची.

एका दुपारी वाऱ्याचा असा झोत आला की गोणपाट उडालं. बाबजी झोपेतून उठला तो माणसांच्या ओरडण्यानं. बाहेर येऊन बघतो तर मुलाच्या घराचं छप्पर पेटलेलं, आणि वारा ते जळतं गवत रांगेतल्या पुढच्या घरावर नेऊन टाकतो आहे, जसं काही वाढप्यानं पंगतीत वाढत जावं. सून बाहेर आली होती, मुलगा बैल सोडत होता. अनसानं आपल्या घरातले सगळे नवे हंडे बाहेर काढले, विहिरीपासून बायकांची ओळ लावली, आणि हंडे हातोहात फिरले. माणसं वाचली, जनावरं वाचली. रांग मात्र जळून गेली.

राखेपाशी बाबजी आणि अनसा समोरासमोर आले. तिचे केस अर्धे करपले होते. ती म्हणाली, "पाटील, आजचा धूर खरा होता."

बाबजीला त्या रात्री उशी कानावर दाबूनही झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही.

पंच जमले. सगळ्यांचं एकमत झालं की राजाकडे जायचं आणि आपला अधिकार परत मागायचा. सांगायचं काय, तर तुमच्या नियमानं आमचं गाव जाळलं. मिरचीचं काय, असं बाबजीनं विचारलं, तर पंच म्हणाले, जुनी गोष्ट आहे, उकरू नका, अधिकार आला की मग बघू. निघताना बाबजीनं गाठोड्यात एक गोवरी बांधून घेतली. अनसाही निघाली. पंचांना ते फारसं आवडलं नाही, पण तिला नको कसं म्हणणार?

दरबारात पंचांनी आग अशी रंगवून सांगितली की ऐकणाऱ्याला धग लागावी. आमच्या धुराच्या रीतीनं कधी एक काडी पेटली नव्हती, असंही ते म्हणाले.

राजा म्हणाला, "तुमचा धूर मला माहीत आहे. त्यात मिरच्या असतात."

पंचांनी खाली बघितलं. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. राजाला कुणाचं नाव माहीत नव्हतं, अनसानं कधी नाव घेतलंच नव्हतं. तिनं सांगितलं होतं ते फक्त मिरचीचं. पण बाबजीला जळत्या छपराखालून बाहेर येणारी सून दिसली आणि तो पुढे झाला.

"होत्या, महाराज. मीच घातल्या. मला दुपारची झोप प्यारी होती."

दरबारात कुणीतरी हसलं. राजा हसला नाही. त्यानं विचारलं, "मग तोच अधिकार पुन्हा तुझ्या हातात का देऊ?"

बाबजीनं गाठोडं सोडलं. त्यानं परवानगी मागून गोवरी दरबाराच्या चौकात ठेवली आणि पेटवली. चारी बाजूंनी उंच भिंती. धूर उठला आणि दोरीसारखा सरळ आभाळात गेला. राजानं विचारलं, यात काय बघायचं?

"हेच बघायचं, महाराज. इथं सगळा धूर सरळच जातो. आमच्याकडे नाही जात."

राजानं मान वर करून धूर जाईल तिथवर बघितलं. प्रधान हळूच म्हणाला की प्रत्येक गावानं आपापला नियम काढला तर हे राज्य राहणार नाही, आठवडी बाजार होईल. राजा अनसाकडे वळला आणि म्हणाला की बाई, यांच्यावर फिर्याद घेऊन तूच आली होतीस, आता यांच्याच बाजूनं आलीस का?

अनसा म्हणाली, "बाजू कसली, महाराज. वारा यांना कळतो, माझं दुखणं तुम्हाला कळलं. दोन्ही एकाच्याच हातात देऊ नका, एवढंच."

राजानं त्या दिवशी निकाल दिला नाही. रागानं एकदा घाई केली होती, ती त्याला आठवली असेल. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना बोलावलं. घर कुठे आणि कोणत्या तोंडानं बांधायचं हे पूर्वीसारखं गावानंच ठरवावं. पण एक गोष्ट दरबाराची. आलेल्या माणसाला गावात जागाच नाही, असं कुठल्याही गावानं म्हणायचं नाही. इथे नको म्हणालात तर कुठे, ते दाखवायचं. नाही दाखवलं तर त्या माणसासाठी दरबाराचं दार उघडं आहे.

"आणि गोवऱ्या?" राजानं विचारलं.

अनसा म्हणाली की गोवऱ्या घर बांधणाऱ्यानं आणाव्यात, आणि पेटवण्याआधी पाटलानं त्या सगळ्यांसमोर फोडून दाखवाव्यात. म्हणजे कुणाला कुणाच्या नुसत्या भरवशावर राहायला नको. बाबजीच्या हातातून पिढ्यांचा मान जात होता. त्यानं मान खाली घालून हो म्हटलं.

गावात परत आल्यावर पहिला धूर अनसासाठीच बघितला, टेकाडाच्या आडोशाला. गोवऱ्या तिनं आणल्या. बाबजीनं एकेक फोडून दाखवली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं की पाटील, नीट बघा, तुम्हाला सवय आहे. सगळे हसले, बाबजीही हसला, पण कान लाल झाले. गोवऱ्या पेटल्या. वारा टेकाडावरून वर निघून गेला आणि धूर आडोशात सावकाश चढत राहिला. कुणाच्या दारात गेला नाही. एवढ्यात सगुणा खोकली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं.

"अगं बायांनो, थंडीचा खोकला आहे," ती म्हणाली. "आता खोकायचं पण विचारून का?"

पंच म्हणाले, बांध.

जागा पहिल्यापासून चांगली होती. एक दिवस खरा धूर बघितला असता तर अनसाला वणवण करावी लागली नसती, गावाचा अधिकार गेला नसता, रांग जळली नसती. टेकाडामागून हातोड्याचा आवाजही गावात अगदी पुसट यायचा. बाबजी दुपारी आडवा झाला की तो त्याला ऐकू येई. उशी तो आता डोक्याखालीच ठेवायचा.

तात्पर्य: ज्या गावचा वारा त्या गावालाच कळतो, म्हणून घर कसं बांधावं हे गावानं ठरवावं, पण कुणालाच बेघर राहावं लागू नये हे राजानं पाहावं. आणि सगळ्यांसाठी मिळालेला अधिकार एकानं आपल्या सोयीला वापरला, तर तो त्या एकाचा जात नाही, सगळ्या गावाचा जातो.