निमखेड्याची रुग्णवाहिका

एका गावात वर्गणी गोळा करणारा एक भोळा माणूस होता. गाव निमखेडे, माणूस भागोजी. तेथील रुग्णसेवा मंडळाने त्याला सभासद जमवण्यासाठी आणि देणग्या मागण्यासाठी ठेवले होते. मंडळ गरजूंना कुबड्या, खाटा, चाकाच्या खुर्च्या विनामूल्य वापरायला देई. या हाताचे दान त्या हाताला कळू नये, असे म्हणतात. निमखेड्याचे दाते मात्र फार सहृदय. त्या हाताला वाईट वाटू नये, म्हणून ते फलक लावून कळवीत.

मंडळाकडे एकच गोष्ट नव्हती. ती म्हणजे रुग्णवाहिका. गावातला रोगी टेम्पोमध्ये कांद्याच्या पोत्यांवर निजून तालुक्याला जाई. रोगी पोहोचो न पोहोचो, कांदे वेळेवर पोहोचत.

"वर्धापनदिनाला रुग्णवाहिका दारात उभी राहिली, तर तुझी नोकरी कायम," कार्यवाह शरयूताईंनी बजावले. "नाहीतर रामराम!"

भागोजीने मान डोलावली. सांगितलेले तंतोतंत करायचे, हा एकच गुण त्याच्या अंगी होता. आणि तेवढा पुरेसा होता.

"दारात पाऊल टाकताच पैशाचे नाव काढू नकोस," ताई म्हणाल्या. "आधी आजारपणाची चौकशी करावी. मग देणगीचे बोलावे."

भागोजी बापूसाहेब घैसासांकडे गेला. बापूसाहेब झोपाळ्यावर बसून पेरू खात होते.

"आपण आजारी आहात का?"

"नाही बुवा."

"घरात कोणी?"

"देवाच्या कृपेने सगळे ठणठणीत."

"मग थांबतो," असे म्हणून भागोजी पायरीवर बसला.

दिवेलागणीला बापूसाहेबांनी विचारले, "अरे, थांबला आहेस तरी कशासाठी?"

"कोणीतरी आजारी पडावे म्हणून."

बापूसाहेबांनी काठी शोधली. एरवी त्यांना चष्मासुद्धा सापडत नसे. काठी लगेच सापडली.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, अशा घरी आनंद व्यक्त करावा. म्हणावे, हे असेच वर्षानुवर्षे चालू राहो!"

भागोजीने हे पाठ केले आणि तो खांबेट्यांकडे गेला. तेथे तात्या खांबेटे अंथरुणाला खिळले होते. ते दर घटकेला हाका मारीत आणि सून कधी काढा, कधी शेक, कधी भांडे घेऊन धावे. भागोजीने हात जोडले आणि तो भक्तिभावाने म्हणाला, "वहिनी, हे असेच वर्षानुवर्षे चालू राहो!"

"तथास्तु," तात्या उशीवरून म्हणाले.

वहिनींच्या हातातला काढा भागोजीच्या सदऱ्यावर आला, आणि तो गरम होता.

"तू आता कोणाच्या दारी जायचे नाहीस!" ताई कडाडल्या. "इथेच बस आणि आलेल्या वस्तूंवर दात्यांची नावे रंगव. नाव ठळक हवे. वापरणाऱ्याला रोज दिसले पाहिजे."

भागोजी ब्रश घेऊन बसला. वकील अण्णासाहेब दिघ्यांनी शौचाची भांडी दिली होती. वापरणाऱ्याला रोज कोठे दिसेल, याचा त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि प्रत्येक भांड्याच्या तळाशी, आतल्या बाजूने, अण्णासाहेबांचे नाव सुवाच्य अक्षरांत घातले.

अण्णासाहेब पाहणीला आले, वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाल्यावर त्यांनी मंडळाचा राजीनामा दिला.

ताईंचा आवाज आता अगदी खाली आला होता. हे लक्षण चांगले नव्हते. "भागोजी, काही दाने गुप्त असतात. तिथे नाव घालायचे नाही. कोणाचे, काय, कोठे, कोणालाही सांगायचे नाही. मी विचारले तरी सांगायचे नाही. शिरले डोक्यात?"

"शिरले, ताई."

रुग्णवाहिकेसाठी शेवटी ताईंनी स्वतःच फुलचंदशेठना गाठले. शेठजी उदार होते. त्यांची एकच अट होती: गाडीवर त्यांचे नाव एवढे मोठे हवे, की मरणाऱ्या माणसानेही ते वाचूनच डोळे मिटावेत.

वर्धापनदिनी सारा गाव लोटला. शेठजींनी दोरी ओढली, पडदा सरकला. गाडी दिसली, पांढरीशुभ्र, कोरी. सकाळीच भागोजीने उरलेला पांढरा रंग सत्कारणी लावला होता.

"माझे नाव कुठे आहे?" शेठजींनी ध्वनिक्षेपकावरच विचारले.

"ते सांगता येणार नाही," भागोजी नम्रपणे म्हणाला.

"अरे गाढवा, ही गाडी मी दिली आहे!"

भागोजीने धावत जाऊन शेठजींच्या तोंडावर हात ठेवला. "हळू, शेठजी! लोकांना कळेल!"

शेठजी लाल झाले, मग पांढरे झाले आणि मटकन खाली बसले. ताई पाणी आणायला आत धावल्या. भागोजी शेठजींजवळ उकिडवा बसला.

"शेठजी, आपण आजारी आहात का?"

"चक्कर... चक्कर येते आहे रे..."

भागोजीचा चेहरा उजळला. बापूसाहेबांच्या पायरीवर दिवसभर बसून जे घडले नव्हते, ते आज आपण होऊन घडले होते. त्याने खिशातून पावतीपुस्तक काढले.

"मग आता देणगीचे बोलू या."

शेठजींची चक्कर तेथल्या तेथे थांबली. ते उठले, रुग्णवाहिकेत जाऊन बसले आणि किल्ल्या अजून ज्याच्या खिशात होत्या त्या आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "घरी चल. ही गाडी पुन्हा या गावात दिसता कामा नये."

गाडी सुरू झाली. भागोजीने हात जोडले आणि तो धुरामागून ओरडला, "हे असेच वर्षानुवर्षे चालू राहो!"

तांब्या घेऊन ताई बाहेर आल्या. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, भागोजीकडे पाहिले.

"भागोजी, गाडी कुठे आहे? कोणी नेली?"

भागोजीने इकडेतिकडे पाहिले, ताईंच्या कानाशी तोंड नेले आणि तो अभिमानाने कुजबुजला,

"नाही सांगणार, ताई. तुम्ही विचारले तरी नाही. आता माझी नोकरी कायम ना?"