दुसरा क्लॅम्प

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक शेजारीण होती. कुणाच्या अंगणात जरा खुट्ट झालं की ही कुंपणाशी हजर.

एका सकाळी पलीकडचा गाडीवाला गाडीचा शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा भाग, काढून पडवीत बसलेला तिला दिसला. मधे दांडा, त्याच्याभोवती जाडजूड स्प्रिंग, वर झाकण आणि झाकणावर नट.

"भाऊजी, काय चाललंय?"

"स्प्रिंग काढतोय, वहिनी."

"मग फिरवा की तो नट!"

"तसं नसतं. स्प्रिंग दाबून बसवलेली असते. दोन बाजूंना दोन क्लॅम्प लावून ती आवळायची, मगच नट."

शेजारणीने मान लांब केली. "क्लॅम्प तर एकच दिसतोय. पलीकडे गाईचं दावं बांधलंय का हो?"

गाडीवाला ओशाळला. "टेम्पोवाल्याचा एक मोडला, म्हणून माझा नेलाय त्याने. दिलेली वस्तू दारात जाऊन कशी मागायची? बरं दिसत नाही."

"आणि दावं तुटलं तर झाकण कुठे जाईल?"

"बैल आवरतं हे दावं!" म्हणत त्याने पाना फिरवला.

त्याची हनुवटी नेमकी झाकणावर आलेली शेजारणीने पाहिली. तिने पदर खोचला. "थांबा, मीच आणते मागून."

"अहो वहिनी, नका! काय म्हणेल तो!" नट नुकताच हातात आला होता. तो तसाच टाकून गाडीवाला तिला अडवायला फाटकाकडे धावला.

मागे दावं करकरलं. मग धाडकन आवाज झाला आणि पडवीची कौलं खळाखळा खाली आली. झाकण छपरातून आरपार गेलं होतं.

गाडीवाल्याने हनुवटी चाचपली. मग म्हणाला, "चला, मीच मागतो."

त्यांना दारात बघून टेम्पोवालाच गडबडला. "क्लॅम्प ना? कधीचा द्यायचाय हो! पण आमची ही म्हणाली, रिकाम्या हाताने कसा परत करायचा, चकल्या तरी होऊ देत."

दुपारी गाडीवाल्याने दुसऱ्या चाकाचा शॉकअप घेतला. दोन्ही क्लॅम्प समोरासमोर लावले, थोडा हा, थोडा तो, असे सारखे आवळले. स्प्रिंग हाताने सैल हलायला लागली, तेव्हाच तोंड बाजूला ठेवून नट काढला. झाकण होतं तिथेच गप्प बसून राहिलं.

"एवढंच?" शेजारीण जरा हिरमुसलीच.

"एवढंच," गाडीवाला म्हणाला आणि टेम्पोवाल्याकडून आलेली चकल्यांची ताटली त्याने कुंपणावरून पुढे केली.

तात्पर्य काय, तर दाबून ठेवलेला जोर मोकळा करताना अर्ध्या साधनावर भागवू नये. आपलीच वस्तू मागायचा संकोच जिवापेक्षा मोठा नसतो.