अळवाची खाज

फार पूर्वी शाल्मली नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजवाड्याच्या तळ्यावर माळी होता. काठच्या उथळ चिखलात त्याने अळू लावले होते. पाणी घोटाभरच असावे, मुळे भिजावीत पण देठ बुडू नयेत, एवढे तो जपे. पाने देताना सोमिल आचाऱ्याला मात्र रोज बजावी, की चिंच विसरू नकोस.

सोमिल मोठा चंचल. एका चुलीवर हात, दुसरीवर डोळा आणि मन तिसरीकडेच. एके दिवशी चिंच वाडग्यात भिजतच राहिली आणि भाजी राजाच्या ताटात गेली. दोन घासांत राजाचा घसा सुजला. विषप्रयोग झाला असे समजून त्याने पाने देणाऱ्या माळ्यालाच धरून आणवले.

ते ऐकताच सोमिल चुलीकडे धावला. त्याने वाडगे चुलीतल्या राखेत उपडे केले. मग उकरून पाहिले, पुन्हा झाकले. खाई त्याला खवखवे म्हणतात. ह्याने तर भाजी चाखलीही नव्हती, तरी ह्याचाच घसा खवखवू लागला. आपल्याला कोणी विचारलेच नाही, अशी तो मनाची समजूत घालीत होता, पण पाय एका जागी ठरेनात. शेवटी तो दरबारात जाऊन खांबाआड उभा राहिला.

"महाराज, हे विष नव्हे, अळवाची खाज आहे," असे म्हणून बोधिसत्त्वाने सर्वांसमक्ष कच्चे पान चावून खाल्ले. ओठ टरारून सुजले, डोळ्यांतून पाणी आले, पण तो उभाच राहिला.

"मग आजवर माझा घसा कसा खवखवला नाही?" राजाने विचारले. "आज काय चुकले ते सांग, नाहीतर सुळावर जाशील."

काय चुकले ते बोधिसत्त्वाने केव्हाच ओळखले होते. तो म्हणाला, "सांगितले तर माझ्या जागी दुसरा जाईल, महाराज. मलाच न्या."

शिपायांनी त्याचा दंड धरला. आता मात्र सोमिलला राहवेना. तो पुढे आला आणि राजापुढे मटकन बसला.

"चिंच मी विसरलो, महाराज. माळ्याने बजावले होते."

चिमूटभर आंबटापायी आपण निरपराध माणूस मारीत होतो, याची राजाला लाज वाटली. त्याने दोघांनाही सोडून दिले.

कथा संपवून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आपले हे वृद्ध स्थविर. माळी मी होतो. आणि आचारी म्हणजे हा, ज्याने काल स्वतः फोडलेल्या घड्याचा ठपका सोबत्यावर येऊ दिला."

तो भिक्षू मान खाली घालून चुळबुळत होता. शास्ता त्याच्याकडे वळले. "माळ्याची ती करुणा होती. पण त्याचे प्राण वाचले ते तू त्या वेळी सांगितलेल्या सत्यामुळे."