माघारी फिरलेल्या नाईकाचं गाणं

फार मागं, वाटांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

तेव्हा समुद्राकाठचं मीठ बैलांच्या पाठीवरून वरच्या मुलखात जायचं. पुढं बैल, मागं बाप्ये, बाया, लेकरं. असा सगळा मिळून तांडा व्हायचा, आणि तांड्याचा पुढारी तो नाईक. नाईकानं बोट दाखवावं नि साऱ्यांनी तिकडं चालावं, अशी रीत. नाईक चुकला की सगळेच चुकले.

म्हणून नाईक घडवायची त्या लोकांची एक तऱ्हा होती. भाला चालवायला कुणीही शिकवी, पण नाईकपण शिकवायचं ते गाण्यांतून आणि गोष्टींतून. ती शिकवणारी माणसं तयार करायचं काम एका म्हाताऱ्याकडं होतं. त्याला सगळे आजा म्हणत.

आजाकडं जुन्या नाईकांची गाणी होती. एकानं पुरात उडी घेऊन बैल वाचवले होते. एकानं आपल्या वाट्याचं पाणी वैऱ्याच्या पोराला पाजलं होतं. आणि एक होता, ज्यानं पुढं पाण्याचा भरवसा नाही म्हणून अर्ध्या वाटेतून तांडा माघारी आणला. लोक त्याला हसले. बायकोनं बोलणं टाकलं. पुन्हा कुणी त्याला नाईक म्हटलं नाही. पण तांड्यातलं एकही माणूस कमी झालं नव्हतं.

गाणं संपलं की आजा विचारायचा, "तुम्ही असता तर?" मग शिष्यांत जी जुंपायची ती जेवणाची वेळ टळली तरी मिटायची नाही. आजा ऐकत बसायचा. उत्तर सांगायचा नाही.

त्या शिष्यांत एक गोड गळ्याची बाई होती. एकदा ती म्हणाली, "आजा, हे शेवटचं रडगाणं पोरांना कशाला रे? पुरातल्या नाईकाला पोरं नाचतात, याला जांभया देतात. आणि उद्या सगळेच पळपुटे निघाले तर?"

दुसरा एक हसला, "म्हाताऱ्याचे गुडघे दुखले की तो हेच गाणं काढतो!"

आजाही हसला. "दुखतात खरे. पण बाई, पुढं जायचं पोरं आपली आपण शिकतात. माघारी फिरायचं कुणीतरी शिकवावं लागतं."

तिनं मान हलवली. मनात मात्र वेगळंच ठरवलं होतं.

पुढं तिच्याकडं एका तांड्यातली मुलं आली. तिनं त्यांना सगळी गाणी शिकवली, तेवढं एक सोडून. पोरं खूश, आईबाप खूश. "शिकवावं तर हिनंच," असं जो तो म्हणायचा. त्यातलाच एक पोरगा मोठा होऊन नाईक झाला. धिप्पाड गडी, मनानं लोण्यासारखा. त्याच्याकडं बघून बाईचा ऊर भरून यायचा. ती त्याच्याच तांड्याबरोबर हिंडू लागली.

एके वर्षी उन्हाळा लांबला. मोठ्या माळाच्या तोंडाशी विहीर होती, तिच्यात बादली टाकली तर खडखडली. बैल हाकणारा एक म्हातारा म्हणाला, "नाईक, फिरू या. अजून बैलांत दम आहे."

"हात् तिच्या! मिठाच्या गोण्या घेऊन घरी? लोक तोंडात शेण घालतील," कुणीतरी ओरडलं.

नाईकानं दोघांचं ऐकलं. मग तो बाईजवळ आला नि हळूच म्हणाला, "बाई, असं आधी कुणा नाईकाचं झालं होतं का? त्यानं काय केलं?"

गाणं तिच्या ओठावर आलं. पण सगळा तांडा बघत होता. आता म्हटलं तर तो विचारणार, इतकी वर्षं का नाही शिकवलंत? बाईनं खाली बघितलं.

"आपले नाईक पुढंच गेले, लेकरा."

त्यानं तिच्या पायाला हात लावला आणि पुढं बोट दाखवलं.

पुढची विहीरही कोरडी निघाली. आधी बैल बसले. मग म्हातारी माणसं बसली, मग अंगावरची लेकरं गेली. नाईकानं आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्यांना पाजलं, अगदी गाण्यातल्या नाईकासारखं, आणि माळावरच तो मेला. निम्मा तांडा कसाबसा पार झाला.

बाई आजाच्या दारात येऊन उभी राहिली.

"ते गाणं म्हण ना, आजा."

"विसरलीस व्हय गं?"

"नाही रे. सगळं पाठ आहे."

आजाला समजलं. तो रागावला नाही. थोडा सरकला, तिला बसायला जागा केली. गाणं दोघांनीही म्हटलं नाही.

पुढं आजाच्या जागी शिकवणारी माणसं तीच घडवू लागली. ते गाणं ती सगळ्यांच्या आधी म्हणायची, आणि कुणी जांभई दिली तरी घाई करायची नाही. नवे नाईक शहाणे निघाले म्हणतात. पण त्या माळाकडची वाट आली की तिकडं नजर जाऊ नये म्हणून ती बैलाच्या आडून चालायची.

मुलांनो, मोठ्यांनो, जो पुढाऱ्याला नुसत्या जिंकल्याच्या गोष्टी शिकवतो, तो त्याला जायची वाट दाखवतो आणि परतायची बुजवून टाकतो.